कझानचं चक-चक



भाचा रशियात कझानला डॉक्टरकी शिकतो, म्हणून जूनमध्ये आम्ही दोघं तिकडे गेलो. व्होल्गाकाठचं हे तातार लोकांचं जुनं शहर. १५५२ साली झार इव्हाननं ते जिंकलं. तिथल्या किल्ल्यात सोळाव्या शतकातलं चर्च आहे. त्याच लढाईत पडलेल्या मशिदीच्या आठवणीत बांधलेली निळ्या घुमटाची कुल शरीफ मशीदही तिथंच आहे. ती २००५ साली खुली झाली. तिकडे जूनमध्ये दिवस मोठा, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवण सहज व्हायचं.

अडचण आली भाच्याच्या घरमालकीण आजींकडे. त्यांनी मायेनं चक-चक पुढं केलं. अंडी घातलेल्या पिठाचे तळलेले तुकडे, वर मध! दोन्ही आपल्याला वर्ज्य. "पोट भरलंय" म्हणणार होते. पण नियम पाळायला खोटं कशाला? भाच्याला म्हटलं, "खरं कारण सांग."

आजींचा चेहरा उतरला. मी पिशवीतून सांगलीचे बेदाणे आणि माझ्या माहेरचे, साताऱ्याचे कंदी पेढे काढले. पेढा खाऊन त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी चहासोबत माझ्यासाठी सफरचंदाच्या फोडी होत्या.