उपनगरांतील कुस्तीचा फड : बसल्या जागेवरून

प्रवासवर्णन म्हटलें कीं काशी-रामेश्वर, काश्मीर, निदान महाबळेश्वर तरी असावें, अशी वाचकांची साहजिकच अपेक्षा असते. प्रस्तुत प्रवास बोरिवलीपासून अंधेरीपर्यंतचा आहे. आणि तोही कोणत्या तीर्थासाठीं नव्हे, तर कुस्त्या पाहण्यासाठीं. अंतर पांच कोसही भरणार नाहीं. परंतु ज्याचे पाय चालेनासे झाले आहेत त्याच्या लेखीं अंतर कोसांनीं मोजलें जात नाहीं; तें पायऱ्यांनीं मोजलें जातें. सपाट वाटेचे दहा मैल त्याला कांहींच नव्हेत, आणि दारापुढील तीन पायऱ्या म्हणजे सह्याद्रीची एक रांगच होय.

मॅट्रिकच्या वर्गांना संस्कृत शिकविण्यांत माझा उभा जन्म गेला. या वाक्प्रचारांतील 'उभा' हा शब्द मीं मुलांना अनेक वेळां समजावून दिला असेल. पण पाठीच्या कण्याच्या विकारानें सहा वर्षांपूर्वीं मला चाकांच्या खुर्चींत बसविलें, तेव्हांपासून त्याची खरी किंमत मला कळूं लागली आहे. आमच्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात. त्यामुळें लहानमोठी कोणतीही गोष्ट सभेपुढें आल्याशिवाय ठरत नाहीं. माझ्या चौदा वर्षांच्या नातवानें व्यावसायिक कुस्तीच्या एका खेळाचा विषय जेवतांना काढला, तेव्हां वहिनी म्हणाल्या, "भावोजी, या वयांत कुस्त्या? त्यापेक्षां कीर्तनाला जा." धाकटे बंधु म्हणाले, "दादा, त्या कुस्त्या खोट्या असतात. कोण जिंकणार तें आधींच ठरलेलें असतें." नातू एवढेंच म्हणाला, "आजोबा, तुम्ही नेहमीं दारासिंगांच्या गोष्टी सांगतां. एकदां माझ्याबरोबर चला ना." या तीन मतांपैकीं कोणतें मान्य झालें, हें सांगावयास नकोच.

आमच्या पिढीला दारासिंग हें नांव शाळेंतील पाढ्यांइतकें पाठ होतें. १९५९ सालीं कलकत्त्यास मिळविलेलें राष्ट्रकुलाचें अजिंक्यपद, १९६८ सालीं येथेंच मुंबईंत अमेरिकेच्या लू थेझवर मिळविलेला विजय, आणि सुमारें दोनशें किलो वजनाच्या 'किंगकाँग'शीं झालेल्या त्यांच्या झुंजी, या सर्व कथा वडील मंडळींकडून ऐकून आम्ही मुलें घरांतल्या गाद्यांवर एकमेकांना आपटीत असूं. पुढें १९८७ सालीं सुरू झालेल्या दूरदर्शनवरील 'रामायण' मालिकेंत हनुमंताची भूमिका त्यांनींच केली. १२ जुलै २०१२ रोजीं जुहूच्या राहत्या घरीं त्यांचें देहावसान झालें. आणि जुहू म्हणजे अंधेरीचा शेजारच. मातींतल्या आणि गादीवरच्या कुस्तीलाही हीं उपनगरें परकीं नाहींत. २०११ पासून सलग तीन वेळां महाराष्ट्र-केसरी झालेले नरसिंग यादव हे जोगेश्वरीचे. दूध विकणाऱ्या घरचा हा मुलगा कांदिवलीच्या क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रांत घडला.

आतां धाकट्या बंधूंच्या आक्षेपाविषयीं. आखाड्यांतील कुस्तीचा निकाल कोणालाच ठाऊक नसतो. व्यावसायिक कुस्तीचा निकाल मल्लांना ठाऊक असतो, प्रेक्षकांना मात्र नसतो. हें कांहीं गुपित राहिलेलें नाहीं. १९८९ सालीं न्यू जर्सी राज्याच्या सीनेटपुढें अमेरिकेंतील सर्वांत मोठ्या कुस्तीसंस्थेनेंच हा प्रकार स्पर्धा नसून करमणूक आहे, असें सांगून टाकलें. परंतु शकुंतलेचा अव्हेर होणार हेंही शतकानुशतकें ठरलेलेंच आहे. तेवढ्यासाठीं कोणी डोळे कोरडे ठेवीत नाहीं. चालुक्यवंशीय राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें मल्लविनोदालाही स्थान आहे. म्हणजे कुस्ती हें बळाप्रमाणेंच प्रेक्षणाचेंही प्रकरण आहे, ही जाण आपल्याकडे जुनी आहे. शिवाय निकाल ठरलेला असला तरी शरीर खरें असतें. १९९९ सालच्या ऑक्टोबरांत डॅरेन ड्रॉझडॉव्ह या अमेरिकन मल्लाची मान अशाच एका खेळांत जायबंदी झाली, आणि २०२३ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यानें आयुष्य चाकांच्या खुर्चींत काढलें. ज्या खेळानें एका तगड्या जवानाला माझ्यासारख्या खुर्चींत बसविलें, त्याला निव्वळ खोटा म्हणण्यास माझी जीभ रेटत नाहीं.

ठरल्या दिवशीं दुपारीं आम्ही निघालों. लोकल गाडींत अपंगांसाठीं राखीव डबा असतो. परंतु फलाट आणि डबा यांमधील फट व उंची ओलांडणें हें चाकांच्या खुर्चीला दुसऱ्याच्या हातांवांचून साधत नाहीं. २०२३ सालच्या जानेवारीपासून बोरिवली पश्चिमेहून मेट्रो थेट अंधेरी पश्चिमेपर्यंत जाऊं लागली, आणि माझ्यासारख्याचा भूगोलच पालटला. उद्वाहकानें वर गेलों, फलाट व डबा एका पातळींत, आंत खुर्चीसाठीं मोकळी जागा. खिडकींतून मालाड, गोरेगांव, ओशिवरा हीं गांवें इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून दिसत होतीं. सहा वर्षांत मीं जग बहुधा लोकांच्या कमरेच्या पातळीवरूनच पाहिलें आहे. त्या प्रवासापुरता मी सर्वांच्याच उंचीवर होतों.

स्टेशनाबाहेर पडतांच ही चैन संपली. पदपथ होता, पण त्यावर दुचाक्या, भजीवाला, विजेची पेटी आणि खणून ठेवलेला खड्डा यांनीं आपापलीं ठाणीं मांडलीं होतीं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत रस्त्यांत कोणास वाट द्यावी याची यादी आहे, आणि तींत अगदीं पहिला मान 'चक्री' म्हणजे चाकांच्या वाहनांत बसलेल्याचा आहे. तो ग्रंथ इतर अनेक बाबतींत आज मान्य होण्यासारखा नाहीं; पण एवढी एक ओळ पाळली जावी, असें मला खुर्ची रस्त्यावरच्या गाड्यांमध्यें उतरवितांना तीव्रतेनें वाटलें.

सभागृहाच्या दारापुढें त्या अपेक्षित तीन पायऱ्या होत्याच. उतार कोठेंच नव्हता. चार स्वयंसेवक तत्परतेनें धावले आणि त्यांनीं मला खुर्चीसकट उचललें. मुलें मोठीं सालस होतीं. परंतु माणसाला उचलण्यापूर्वीं त्याला विचारावयाचें असतें, हें त्यांना कोणी शिकविलें नव्हतें. दहा-बारा लोक पाहत असतां अधांतरीं जाणें हें गणपतीला शोभतें. सेवानिवृत्त शिक्षकाला नव्हे. आंत गेल्यावर मला पहिल्या रांगेच्या कडेला, सपाट जमिनीवर जागा मिळाली. खुर्ची एकच मावत होती, म्हणून नातवाला सहा रांगा मागें बसावें लागलें.

खेळ सुरू झाला आणि मीं हें सर्व विसरलों. मध्यें चौकोनी मंच, चारी बाजूंस ताणलेले दोर, लाल-निळे दिवे, कानठळ्या बसविणारें संगीत. मल्ल फळीवर पडला कीं नगारा वाजावा तसा आवाज होई. प्रत्येक आघात असा मोठा करून दाखवीत कीं तो शेवटच्या रांगेंतल्या पोरालाही कळावा. यांत वीर, रौद्र, अद्भुत आणि हास्य असे चार रस तरी मीं सहज मोजले. एक काळ्या पोषाखाचा मल्ल खलनायक होता. तो दोरांवरून उतरून पहिल्या रांगेपुढून चालत आला आणि प्रत्येकाचा अपमान करीत सुटला. माझ्यापुढें येतांच थांबला, डोळे वटारून म्हणाला, "काय बघतोस रे म्हाताऱ्या? ये वर!" सभोंवारचे लोक क्षणभर वरमले, मीं मात्र खुर्चीच्या दांड्यावर हात आपटून त्याला आव्हान दिलें, आणि सारें सभागृह हंसलें. सहा वर्षांत माझ्याशीं इतक्या समानतेनें कोणी बोललें नव्हतें. दयेनें बोलणारे पुष्कळ भेटतात. शेजाऱ्याला जी शिवी मिळते तीच आपल्यालाही मिळणें हा मान दुर्मिळ आहे.

आणि मग शेवटची कुस्ती आली. खलनायक आणि नायक थकून पडत होते, पुन्हां उठत होते. नायकानें निर्वाणीचा डाव टाकला, आणि सारें सभागृह एका दमांत उभें राहिलें. कडेच्या जागेंतून मला मंच तिरपा दिसत होता. शेजारची रांग उठून पुढें सरकतांच माझ्यापुढें पाठींची भिंत उभी राहिली. मला दिसत होते सदरे, पट्टे आणि वर धरलेले मोबाइल. मंचाची फळी जमिनीपासून जवळजवळ चार फूट उंच, आणि बसलेल्या माणसाचे डोळेही तेवढेच उंच; त्यामुळें फटींतून पाहिलें तरी चीत पडलेल्या मल्लाचे खांदे टेकले कीं नाहीं हें दिसणें शक्य नव्हतें. पंचाच्या हाताचे तीन ठोके ऐकूं आले, आरोळी उठली. कोण जिंकलें? मागून नातू ओरडून सांगत होता, आणि मी मान मागें वळवून ऐकत होतों. धृतराष्ट्राला डोळे नव्हते म्हणून त्याला संजय लागला; मला डोळे धडधाकट असतांना संजयाची गरज लागली.

उभें राहणाऱ्यांना मी दोष देत नाहीं. तसा क्षण आला असतां उभें राहणें हीच त्या खेळाची खरी दाद आहे. माझे पाय असते तर मीही उभा राहिलों असतों. दोष माणसांचा नव्हता, आंखणीचा होता. सुगम्यता म्हणजे दारांतून आंत घेणें एवढाच अर्थ आपण धरतों. ज्याला आंत घेतलें त्याला शेवट दिसतो कीं नाहीं, हा प्रश्न कोणाच्या मनांत येत नाहीं.

वस्तुतः हा प्रश्न आपल्याकडे फार प्राचीन काळीं सुटलेला आहे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत प्रेक्षागृहाचीं मापें दिलीं आहेत. मध्यम आकाराचें गृह चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद असावें. याहून मोठें झाल्यास नटांचे शब्द आणि मुखावरील भाव प्रेक्षकांपर्यंत पोंचत नाहींत. प्रेक्षकांचीं आसनें विटांचीं व लांकडाचीं, जिन्यासारखीं, एकेक हात उंच करीत न्यावींत, म्हणजे रंगपीठ दिसतें. हात म्हणजे सुमारें दीड फूट. कोल्हापूरचें खासबाग मैदान शाहू छत्रपतींनीं बांधविलें व तें १९१२ सालीं तयार झालें; तेथें आखाडा मध्यभागीं खालीं आणि प्रेक्षक सभोंवारच्या उतारावर, म्हणजे पुढच्याच्या डोक्यावरून मागच्याची दृष्टि जाते. मर्म दोन्हीकडे एकच : पाहणाऱ्याचा डोळा पुढच्या अडथळ्याहून उंच असला पाहिजे.

खुर्चींत बसलेल्याच्या बाबतींत हें गणित चौथीच्या मुलालाही सुटेल. माझे डोळे जमिनीपासून सुमारें चार फुटांवर. पुढें उभा असलेला मनुष्य साडेपांच फुटांचा. म्हणजे मला निदान दोन फूट उंच चौथरा हवा. उताराचें मान्य प्रमाण एकास बारा. तेव्हां दोन फुटांसाठीं चोवीस फूट लांबीचा उतार. चौथऱ्याला कठडा, आणि खुर्चीशेजारीं सोबत्यासाठीं एक साधें आसन. लांकडी फळ्या आणि एका सुताराचे दोन-तीन दिवस, एवढाच हा खर्च. त्या दिवशींच्या दिव्यांच्या झगमगाटाला याहून अधिक लागला असावा.

कायदाही आतां पाठीशीं आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आला. त्यांत शिक्षण व नोकरी यांच्याबरोबर करमणूक, सांस्कृतिक जीवन आणि क्रीडा यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा असून चालणार नाहीं, ते बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं दिला. परंतु कायदा दारापर्यंत आणतो. आंत चौथरा घालावयाचा तो सभागृहाच्या चालकांनींच.

कोणी विचारतील कीं पाय गेलेल्या माणसाला कुस्तीचा एवढा सोस कशाला? त्यांना मी सांगलीकडच्या पेठ-इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांचें उदाहरण देतों. सैन्यांत मुष्टियुद्ध खेळणारा हा जवान १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून कमरेखालीं लुळा झाला. आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्यें पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतींत ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन आला. शरीराचा एक भाग निकामी झाला म्हणजे पराक्रमाची ओढ निकामी होत नाहीं. पेटकरांसारखा पराक्रम थोड्यांना करतां येतो. बाकीच्यांना तो निदान पाहतां तरी यावा.

आमच्या एकत्र कुटुंबांत एक जुना नियम आहे. पंगतींत कोणीही उशिरा उठो वा लवकर, शेवटचा ताकभात सर्वांच्या पानावर पडल्यावांचून वाढपी पातेलें आंत नेत नाहीं. सभागृहांच्या चालकांकडे याहून अधिक मागणें नाहीं. तिकिटाचे पैसे ते माझ्याकडून पूर्ण घेतात, त्यांत शेवटच्या कुस्तीचेही असतात. तेव्हां ती कुस्ती माझ्याही पानावर पडली पाहिजे.