तोरणमाळचा रानपिंगळा

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या दिवसांत आपल्या राज्यात पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची, १२ तारीख डॉ. सालिम अली यांच्या जन्माची. त्या आठवड्यात आम्ही शाळेत मुलांना पक्ष्यांविषयी चार गोष्टी सांगतो, फळ्यावर चित्र काढतो, निबंध लिहून घेतो आणि १३ तारखेला पुन्हा व्याकरणाकडे वळतो. गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, आपल्या नंदुरबार जिल्ह्याचा स्वतःचा असा पक्षी आहे का?"

"आहे ना," आम्ही म्हणालो. "रानपिंगळा. तोरणमाळच्या जंगलातला."

"तुम्ही पाहिलाय?"

नंदुरबारात वीस वर्षे काढूनही पाहिला नव्हता. मुलगी काही बोलली नाही, खाली बसली. पण त्या दिवशी घरी जेवताना विषय निघाला आणि डिसेंबरात तोरणमाळला जायचे ठरले.

जाण्याचे आणखी एक कारण होते. ते घरात कुणी बोलून दाखवत नव्हते. आमच्या घराच्या मागच्या भिंतीत, झरोक्याशेजारी, वीट निखळून एक भोक पडले होते. त्यात साध्या पिंगळ्यांची जोडी राहत असे. गावात, मशिदीच्या आवारातल्या झाडावर, जुन्या वाड्यात दिसतो तोच हा ठिपक्यांचा पिंगळा. संध्याकाळी मगरिबच्या सुमारास दोघे तारेवर येऊन बसत आणि कचकच करत. मुलांना त्यांचे कौतुक होते. मग अब्बा आजारी पडले. दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि भेटायला येणारा प्रत्येक जण आवाज ऐकून दचकू लागला. "घरात उल्लू ठेवलाय?" आपल्या उर्दूत एखादी जागा ओसाड झाली की तिथे "उल्लू बोलतात". ज्याला शाळेत हे वाक्प्रचार शिकवायचे असतात त्याला तरी त्यांचे वजन ठाऊक असायला हवे. तरीही एका दुपारी आम्ही गवंडी बोलावून ते भोक वीट आणि सिमेंटने बुजवले. आत पिल्ले होती की नाही हे पाहिले नाही. पाहायचे नव्हते, असे म्हटले तर अधिक खरे होईल. अब्बा दोन महिन्यांनी अल्लाहला प्यारे झाले. त्या दोन महिन्यांतले बरेच दिवस पिंगळ्यांची जोडी तारेवर येऊन भिंतीकडे पाहत बसायची.

इस्लामपूर्व काळात अरबांची एक समजूत होती. खून झालेल्या माणसाच्या डोक्यातून घुबड निघते आणि सूड घेतला जाईपर्यंत ओरडत राहते. त्याला ते हामा म्हणत. रसूलुल्लाह (स.) यांनी ही समजूत आणि पक्ष्यांवरून शकुन पाहणे, दोन्ही नाकारले. हे आम्हाला माहीत होते. गवंडी बोलावला त्या दिवशीही माहीत होते.

शनिवारी फजर पढून निघालो. अम्मी येणार नाहीत असे धरून चाललो होतो, पण त्या सगळ्यांच्या आधी शाल घेऊन गाडीत बसल्या होत्या. गावाबाहेर लाल मिरचीच्या पथारी पसरलेल्या, खिडकी बंद असूनही मुले शिंकायला लागली. प्रकाशाला तापी ओलांडली. शहाद्यापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, केळी, पपई. म्हसावद, राणीपूर करत गेले की शेते संपतात आणि सातपुडा एकदम समोर उभा राहतो. मग सात पायऱ्यांचा घाट. वर तोरणमाळ समुद्रसपाटीपासून ११४३ मीटरवर आहे. थंडी अशी की अम्मींनी आमची शालही मागून घेतली.

वर आमचे बी.एड.चे सोबती भेटले. ते पावरा समाजातले, त्याच भागातल्या आश्रमशाळेत शिकवतात. आमच्या पंचविशीतली ही मैत्री. दुपारी त्यांच्या घरी ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि लसणाची चटणी जेवलो. "तुमचं आम्हाला ठाऊक आहे, म्हणून कोंबडी केली नाही," वहिनी म्हणाल्या. यशवंत तलावावर मुलांनी होडीचा हट्ट धरला, सीताखाईच्या टोकावर फोटो झाले. इतर सहलींसारखेच ते, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

रात्री शेकोटीभोवती बसल्यावर रानपिंगळ्याची हकिगत निघाली. काही आम्ही वाचली होती, काही सोबत्यांना ठाऊक होती.

या पक्ष्याला शास्त्रात नाव मिळाले १८७३ मध्ये. नाव देणारे होते ॲलन ह्यूम, ज्यांचे नाव पुढे काँग्रेसच्या स्थापनेशी जोडले गेले तेच. आदल्या वर्षी ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडच्या भागात तो टिपला होता. त्यानंतर १८८० ते १८८४ च्या दरम्यान जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातून, शहादा-तळोदा भागातून, काही नमुने गोळा केले. त्या काळी शोध म्हणजे बंदूक, मग कातडी सोलणे, आत कापूस भरणे आणि पेटीत घालून विलायतेला धाडणे. असे जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघे सात रानपिंगळे जमा झाले. १८८४ नंतर एकही नाही. डॉ. सालिम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी डिलन रिप्ली यांनीही त्याचा शोध घेतला, पण तो हाती लागला नाही. सालिम अली १९८७ मध्ये गेले. पक्षी नामशेष झाला असावा, असे तोवर बहुतेकांनी धरले होते.

यात एक चोरीही आहे आणि मुलांना तीच सर्वांत आवडली. रिचर्ड माइनर्टझहागेन हा इंग्रज लष्करी अधिकारी पक्षीतज्ज्ञ म्हणून मोठा मानला जाई. सालिम अली १९३७ मध्ये त्याच्यासोबत अफगाणिस्तानच्या दौऱ्यावरही गेले होते. १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला आपण रानपिंगळा मिळवला, असा त्याचा दावा होता. म्हणून शोधणारे तिकडे जात आणि हात हलवत परत येत. १९९० च्या दशकात वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या पामेला रासमुसेन यांनी हे सातही नमुने बारकाईने तपासले. माइनर्टझहागेनच्या पक्ष्याची बांधणी उसवून पुन्हा केलेली होती. मूळचे काम डेव्हिडसनच्या हातचे निघाले. पक्षी लंडनच्या संग्रहालयातून उचललेला आणि चिठ्ठी बदललेली. म्हणजे मांडवीचा पत्ताच खोटा. एका माणसाच्या खोट्या चिठ्ठीपायी किती जणांची पायपीट वाया गेली असेल! परीक्षेत नक्कल करणाऱ्या मुलांना आम्ही आता ही गोष्ट सांगतो.

मग रासमुसेन यांनी खोटा पत्ता बाजूला ठेवला आणि जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांमागे निघाल्या. सोबत बेन किंग आणि डेव्हिड ॲबट. आधी पूर्वेकडचे जंगल पालथे घातले, काही मिळाले नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला, साडेआठच्या सुमारास बेन किंग यांना उघड्या फांदीवर एक पिंगळा उन्हात बसलेला दिसला. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छातीवर गडद पट्टा, पोट पांढरे, पायांवर भरगच्च पांढरी पिसे. एकशे तेरा वर्षांनी! त्यांनी त्याला गोळी घातली नाही. चित्रण केले, फोटो काढले आणि पुढच्या वर्षी सगळा तपशील छापून मोकळा केला. तेव्हा आपला जिल्हा धुळ्यातच होता, नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. रानपिंगळा जिल्ह्यापेक्षा काही महिन्यांनी थोरला, असे आम्ही मुलांना गमतीने सांगतो.

सोबत्यांनी काडीने निखारे सारखे केले. "सर, सापडला म्हणजे तुमच्या पुस्तकाला सापडला. आमच्या म्हाताऱ्यांना दोन जातींचे पिंगळे ठाऊक होते. गावातला वेगळा, रानातला वेगळा. कुणी विचारायला आलं नाही."

हे ऐकून थोडे वरमलो, कारण त्यांना आम्हीही वीस वर्षांत कधी विचारले नव्हते.

आमच्या मते खरे काम शोधानंतरचे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी आणि संशोधक फराह इश्तियाक यांनी १९९८ पासून या डोंगरांत त्याचा अभ्यास केला. उत्तर महाराष्ट्र आणि लगतच्या मध्य प्रदेशात, चार ठिकाणी मिळून, त्यांना पंचवीस पक्षी सापडले. तोरणमाळच्या रानात त्यांनी त्याची घरटी पाहिली, आवाज नोंदवले, तो काय खातो ते टिपले: सरडे, उंदीर, लहान पक्षी, किडे. तो पिंगळा असूनही दिवसा वावरतो आणि राहायला त्याला ढोली असलेले जुने झाड लागते, हे नीट कळले. फराहबाईंचे नाव ऐकून आमची मुलगी सरसावून बसली. "जंगलात राहून अभ्यास करायचा? एकटीने?" तिने विचारले. तिच्या आईने आमच्याकडे पाहिले. आम्ही निखाऱ्यांकडे पाहिले.

पुढे मेळघाटात, यावलला, २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानसाला, मग गुजरातेतही रानपिंगळा सापडत गेला. २०१८ मध्ये जागतिक यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' या एक पायरी बऱ्या गटात आला. तरी मोठे पक्षी सगळे मिळून हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे. जगात दुसरीकडे कुठेही तो नाही.

धोका कुठला, असे विचारल्यावर सोबती सरळ बोलले. झाडे तुटतात, जंगलाची शेते होतात. घुबडाच्या जातीला अशुभ मानून किंवा जादूटोण्यासाठी मारणारे अजून आहेत. पण लगेच पुढे म्हणाले, "इथल्या माणसाकडे दोन एकर उताराची जमीन. तीही पिढ्यांपासून कसतोय आणि कागदासाठी भांडतोय. त्याला नुसतं 'झाड तोडू नको' म्हणून खाली निघून जाणं सोपं आहे. पाहुणे येतात, पक्षी बघतात, जातात. पक्षी इथेच राहतो आणि आम्हीही." हल्ली काही हौशी लोक मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावतात. आपल्या हद्दीत दुसरा घुसला असे समजून तो अंडी-पिल्ले सोडून धावतो. "उद्या मोबाइल खिशातच," त्यांनी बजावले.

सकाळी सात वाजता सागाच्या रानात निघालो. अम्मी गाडीपाशी थांबल्या. वाटेत ताजे बुंधे दिसले, कापलेल्या सागाचे. कुणी काही बोलले नाही. नंतर उतारावर झाडी विरळ होत गेली. तासभर काहीच नाही. धाकट्याला भूक लागली, आमचे गुडघे बोलू लागले. आठ वाजून गेल्यावर सोबत्यांनी हात वर केला. पाने झडलेल्या एका सालईच्या उंच फांदीवर मुठीपेक्षा थोडा मोठा गोळा, उन्हाकडे तोंड करून. एकच दुर्बीण, पाच जण. मुलीने शांतपणे पाहिले आणि कुजबुजली, "डोक्यावर ठिपके नाहीत." आमच्या हाती दुर्बीण आली तोवर त्याने शेपटी दोनदा इकडून तिकडे झटकली आणि मान वळवून थेट आमच्याकडे पाहिले. पिवळे डोळे, वर पांढऱ्या भुवया. दोन-तीन मिनिटे असतील. मग तो खाली झेपावला, कदाचित सरड्यासाठी, आणि झुडपांपलीकडे गेला.

खात्रीने रानपिंगळाच होता का? सोबती म्हणाले, होता. मुलगी म्हणते, होता. आम्ही पक्षीतज्ज्ञ नाही, फोटो नाही, म्हणून नोंद कुठे पाठवली नाही. माइनर्टझहागेनची गोष्ट आदल्याच रात्री सांगून झाली होती.

गाडीपाशी आलो. अम्मींनी विचारले, "दिसला?" मुलीने सगळे सांगितले, झटकलेल्या शेपटीसकट. अम्मींनी ऐकून घेतले. घाट उतरून राणीपूर मागे पडेपर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्या भिंतीत पिल्लं होती. दोन दिवस आवाज येत होता. तुझे अब्बा विचारत होते, कसला आवाज आहे. मी म्हटलं, उंदीर आहेत."

गाडी चालू होती. शहाद्यात चहाला थांबायचे ठरले होते, थांबलो नाही.

रमजानच्या आधी दरसालप्रमाणे घराला रंग काढला. रंगाऱ्याला सांगून मागच्या भिंतीतली ती वीट काढून घेतली. सिमेंट पक्के होते, छिन्नी लावावी लागली. आत वाळलेली पिसे आणि धूळ होती. मुलीने ती हातानेच बाहेर काढली आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली पुरली. अम्मी झरोक्यातून पाहत होत्या.

त्याला आता चार महिने झाले. साळुंक्या दोनदा डोकावून गेल्या. पिंगळे अजून आलेले नाहीत.