कांद्याच्या भावातून कळणारे परराष्ट्र धोरण

नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकाचे जगाविषयीचे मत लिलावाच्या बोलीवर ठरते. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, उमराणे येथील बाजारांत ढाक्याचे नाव वारंवार निघते, कारण बांगलादेश हे भारतीय कांद्याचे फार मोठे गिऱ्हाईक. 2019 आणि 2020 या दोन्ही वर्षी सप्टेंबरात निर्यात अचानक बंद झाली. ऑक्टोबर 2019 मध्ये बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत जाहीरपणे सांगितले की, आपण स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको असे बजावले आहे. शेजाऱ्याला आधी कळवायला हवे होते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. नाशिकच्या शेतकऱ्याची तक्रारही तीच होती.

डिसेंबर 2023 ची बंदी मात्र आजही सलते. त्याआधी ऑगस्टात 40 टक्के निर्यातशुल्क आणि ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य लागू झाले होते. 8 डिसेंबरला निर्यातच थांबली. तेव्हा लाल कांद्याची आवक सुरू होती. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो. लाल कांद्यात पाणी जास्त, तो काढला की विकावाच लागतो. भाव वाढेपर्यंत थांबण्याची सोय नसलेल्या पिकावरच बंदी आली. लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर रास्ता रोको झाला आणि लवकरच भाव निम्म्याच्या आसपास आला. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर उरलेल्या रकमेतून मजुरीही सुटेना. शहरात कांदा स्वस्त ठेवणे हे सरकारचे काम आहे, हे मान्य. त्याचा सगळा भार पिकवणाऱ्याच्याच माथी मारणे अन्यायाचे आहे.

त्यातही चीड आली ती सवलतींची. मार्च 2024 मध्ये बांगलादेशाला 50,000 टन आणि संयुक्त अरब अमिरातीला 14,400 टन कांदा सरकारी मार्गाने देण्याचे ठरले. मित्रदेशांची गरज भागवणे योग्यच होते, पण खुल्या व्यापारात जो भाव मिळाला असता तो शेतकऱ्याच्या हाती पडला नाही. एप्रिलअखेर गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली, तेव्हा नाशिकमध्ये परराष्ट्र धोरणाची चर्चा मागे पडली आणि भेदभावाची सुरू झाली. 4 मे रोजी बंदी उठली, तरी शुल्क आणि किमान मूल्य राहिलेच. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत कांदा पट्ट्याने राग मतपेटीतून दाखवला. पुढे 1 एप्रिल 2025 पासून निर्यातशुल्क पूर्ण हटले.

दरम्यान 5 ऑगस्ट 2024 रोजी हसीना यांनी देश सोडला आणि सीमेवर कांद्याचे ट्रक अडकले. तेथील हिंदूंवरील हल्ल्यांच्या बातम्या ऐकून ‘त्यांना कांदाच देऊ नका’ म्हणणारे बाजारात होते. सीमेवरील घोजाडांगाचा नाका कधी सुटतो, याची चौकशीही तेच करत. दोन्ही भावना खऱ्या होत्या. घर कांद्यावर चालते तिथे त्या एकाच माणसाच्या मनात नांदतात.

वारंवारच्या बंदीने बांगलादेशाला स्वतःचे उत्पादन वाढवण्याची निकड पटली. टंचाईत त्याने पाकिस्तान, चीन, इजिप्तकडूनही माल घेतला. आपला कांदा निघतो तेव्हा भारतीय कांद्याची आयात थांबवावी, असा तेथील शेतकऱ्यांचा आग्रह असतो. नाशिकच्या शेतकऱ्याला त्यांची बाजू पटते आणि त्याच दमात, आयातीचे परवाने लगेच सुटावेत म्हणून दिल्लीने ढाक्याशी बोलावे, अशी मागणीही तो करतो.