ळच्या फुलीपाशी

पहिलीच्या वर्गाने नाताळापूर्वी आपल्या गावाचे नाव स्वहस्ते आणि कित्त्याशिवाय लिहिले पाहिजे, असा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे. आणि 'येळ्ळूर' हे नाव ज्याने सहा वर्षांच्या मुलाकडून पाटीवर उतरवून घेतले असेल, त्याला हा शिरस्ता किती जाचक आहे हे निराळे सांगावे लागणार नाही. क्रमिक पुस्तकात आधी मुळाक्षरे, मग बाराखडी आणि जोडाक्षरे त्यानंतर. परंतु गावांनी आपली नावे धारण करताना या क्रमाची पर्वा केलेली नाही. बेळगाव, बेळगुंदी, सुळगा, बाळेकुंद्री यांनी एका ळवर भागवले. आमच्या गावाला आणि आमच्या शिवारालगतच्या बळ्ळारी नाल्याला मात्र ळला ळ जोडलेला हवा.

डिसेंबरात हे काम करणे म्हणजे सुगीशी झगडणे होय. आमच्यासारख्या शाळांची मोठी सुट्टी दसऱ्यातच आटोपलेली असते. नाताळची लांब सुट्टी मिळते ती बेळगावच्या मिशनरी शाळांना, आणि एकाच घरातील थोरला कॉन्व्हेंटात व धाकटी आमच्याकडे असली, तर थोरला पांघरुणात असताना तिने थंडीतून शाळेला का यावे, या प्रश्नाला मजजवळ उत्तर नसते. सरकारी सुट्टी नसली तरी शिवाराची असतेच. भाताची कापणी होऊन मळण्या लागल्या आणि मोकळ्या झालेल्या काळ्या रानात ओल आहे तोवर मसूर-वाटाणा टाकण्याची घाई उडाली, की मोठी माणसे पहाटेच बाहेर पडतात, तान्ह्या भावंडाला सांभाळायला पहिलीतले मूलसुद्धा घरी राहते, आणि जे येते त्याच्या केसांत भाताची कुसळे असतात. पूर्वी खेड्यापाड्यांतील शाळांना सुगीची म्हणून सुट्टी मिळत असे. ती व्यवस्था अधिक शहाणपणाची होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मूळ अडचणीकडे येतो. पुष्कळ वर्षे मला वाटे की मुले जोडण्यापाशी अडतात, कारण ळला उभी रेघ नाही. जिला गाळून अक्षर अर्धे करावे अशी काही सोयच त्यात नाही. त्याचा पाय मोडावा लागतो किंवा एकाखाली एक असे दोन ळ बसवावे लागतात, आणि गावातल्या दुकानांच्या पाट्यांवर हे दोन्ही प्रकार पाहायला सापडतात. परंतु अडचण त्याच्याही आधीची आहे. शिरोरेघेखाली लहानसा देठ, डावे पोट, मग फुली ओलांडून उजवे पोट: या एवढ्याशा प्रवासात हाताला अर्ध्या वाटेवर आपली फिरण्याची दिशा उलटी करावी लागते, आणि तीही न थांबता. क या अक्षरालाही डावे-उजवे अंग आहे, पण मध्ये उभी रेघ असल्याने तेथे हाताला टेकायला जागा मिळते; ळमध्ये ती नाही. म्हणून एक मूल फुलीपाशी पेन्सिल उचलते, दुसरे इंग्रजी आठाचा आकडा आडवा पाडते, तिसरे दोन शून्ये शेजारी शेजारी काढून त्यांवर रेघ मारते. आणि पहिला ळ जरा लहान काढ असे सांगितले, तर चौथे केवळ डावे पोट तेवढे लहान करते. त्यात आमच्या मुलांच्या वाट्याला पहिलीपासूनच तीन लिप्या आहेत. कन्नड भाषा शिक्षण कायदा 2015 मध्ये झाला, इंग्रजी त्याच्याही आधीपासून आहे. कानडीत दुसरा ळ निमूटपणे पहिल्याच्या पायाशी बसतो. तेथला नियम एकसूत्री आहे आणि मला त्याचा हेवा वाटतो.

गावाचे नाव लिहिण्याचा एवढा आग्रह कशासाठी, असे सहकारी विचारतात. जुलै 2014 मध्ये उच्च न्यायालयाच्या हुकुमावरून 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' असे लिहिलेला आमचा फलक काढला गेला आणि पाठोपाठ गावात लाठीमार झाला, तेव्हा साऱ्या गावाला जे दुःख झाले ते मलाही झालेच. शिवाय एक दुःख माझे एकट्याचे होते. येता-जाता नजरेस पडणारा, पुस्तकाबाहेरचा तो मोठ्या अक्षरांचा कित्ता माझ्या वर्गाने गमावला. तेव्हापासून हे नाव मुलांच्या हातात असावे, ही माझी निकड वाढली.

यंदा पावसाळ्यापासून माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखणे बसले आहे. खडू धरता येतो, सरळ रेघ येते, त आणि न पूर्वीसारखे येतात; पण ळ काढताना हात नेमका फुलीपाशी अडतो आणि उजवे पोट कापरे निघते. मला माझ्या अक्षराचा गर्व होता आणि आहे. तपासणीस आलेल्या एका साहेबांनी शेरेबुकात माझ्या फळ्यावरील अक्षराची केलेली स्तुती मला शब्दशः पाठ आहे. येळ्ळूरच्या ग्रामीण साहित्य संमेलनाच्या मंडपात माझ्या हातचे फलक लागत, तेव्हा व्याख्यान ऐकण्याऐवजी लोक फलकाकडे पाहतात की काय, हे मी मागल्या रांगेत बसून न्याहाळीत असे. फळा हा माझ्या लेखी मुलांचा नव्हता, माझा होता.

बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात इंदिरा संत शिकवीत असत, त्या काळात तयार झालेले शिक्षक आम्हाला वडीलधारे म्हणून लाभले, आणि अक्षराला वळण असते ही गोष्ट आम्ही त्यांच्यापासून घेतली. आताच्या छापील सराव-पुस्तिकांत अक्षराच्या जागी ठिपक्यांची रांग असते. मूल ठिपक्यांवरून जाते, पान पुरे करते, आणि कोरी पाटी पुढे ठेवली की त्याला आरंभ कोठून करावा हे सुचत नाही, कारण हात कोठे वळतो ते त्याने कधी ठरवलेलेच नसते. बालभारतीने आपल्या पुस्तकांतून द्ध, द्य यांची जोडणी सोडवून तेथे पायमोडका द छापला, तोही मला रुचत नाही. मुलाच्या सोयीसाठी अक्षर मोडावे आणि मग देवळावरची पाटी त्याला वाचता येऊ नये, ही कसली सोय?

या डिसेंबरात मळणीमुळे वर्ग अर्धा रिकामा असताना एक मुलगा पाटी घेऊन माझ्या खुर्चीपाशी आला. "गुरुजी, हितं हात कुटं न्यायाचा?" त्याचे बोट बरोबर फुलीवर होते. इतक्या वर्षांत हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने मला कोणी विचारला नव्हता. मी त्याचा हात माझ्या हातात घेतला. डावे पोट निर्विघ्न उतरले. फुलीपाशी त्याचा हात थबकला आणि त्याच क्षणी माझाही. त्याचा थबकला तो दिशा ठाऊक नसल्याने, माझा सांधा वळेना म्हणून. आम्ही दोघे तेथे टेकलो, पेन्सिल न उचलता, आणि मग उजवीकडे निघालो. ळ चांगला आला. फुलीवर मात्र पेन्सिल टेकल्याचा जाड पांढरा ठिपका राहिला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला मी हेच सांगितले: फुलीवर टेका, मग वळा. बहुतेकांना साधले. जोडाक्षरात दोनदा टेकावे लागते, त्यामुळे हात संथ चालतो आणि पाय मोडायलाही उसंत मिळते. पण यंदाच्या पाट्यांवर येळ्ळूरच्या दोन्ही ळच्या मध्यावर ठिपके आहेत, आणि असला ठिपका दिसला की ओल्या फडक्याने पुसून अक्षर पुन्हा काढायला लावण्यात माझी हयात गेली आहे. आजही पाट्या पाहताना हात फडक्याकडे जातो.

शाळेत नव्याने आलेल्या बाईंनी मला विचारले, "गुरुजी, हा ठिपका पुढे घालवायचा का?" घालवायचाच. तो हाताचा विसावा आहे, अक्षराचा अवयव नव्हे. परंतु तो घालवण्याचे काम दुसरीच्या वर्गाचे आहे, दुसरी बाईंकडे आहे, आणि फळ्यावर काढून दाखवावा असा नितळ ळ आता या शाळेत त्यांच्याच हातून उतरतो. त्यांना मी तसे सांगितले. सांगताना मला बरे वाटले नाही.