साधी इजा

मे 2003. एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी होतो. त्या उन्हाळ्यात कालव्याच्या टेलची, म्हणजे शेवटच्या टोकाची गावं पाण्यासाठी टाहो फोडत होती. आवर्तन सुटलं तरी पाणी वरच्या गावांतच मुरायचं. शेवटी टेलवाल्यांनी रास्ता रोको केला. दगड आधी आले की लाठ्या, हे मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल मी बोलणार नाही. संध्याकाळी साडेसहानंतर माझ्या टेबलावर जे झालं, तेवढंच लिहितो.

पोलिसांच्या गाडीतून चौदा माणसं उतरली. सोबत हवालदार आणि त्याच्या हातात पोलीस यादी, म्हणजे तपासणीसाठी डॉक्टरला दिलेलं पत्र. त्यांच्याआधी एक जखमी शिपाई येऊन गेला होता. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, भुवईवर दगड लागलेला, घाबरून पांढरा पडलेला. मी त्याला तीन टाके घातले आणि एमएलसी, म्हणजे न्यायवैद्यक प्रकरणांच्या, रजिस्टरमध्ये नीट नोंद केली : उजव्या भुवईच्या वर, अडीच सेंटिमीटर लांब, कडा फाटलेल्या, जखम ताजी, दगडाने होणं शक्य. ती नोंद बिनचूक होती आणि त्या पोराचा तो हक्कच होता.

मग हे चौदा जण. वीज गेलेली, टॉर्चच्या उजेडात काम. हवालदार म्हणाला, “साहेब, जरा उरका. रात्रीत कागद पुरे करायचेत.” त्याच्या बोलण्यात दमदाटी नव्हती. मला कोणी धमकावलं नाही, कोणाचा फोन आला नाही, कोणी पाकीट पुढे केलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे अनेकांनी मला ती पळवाट दिली आणि एक-दोनदा मी ती घेतलीही.

आठवा की नववा माणूस साठी उलटलेला होता. सिस्टरनं शर्ट वर केला. पाठीवर वळ होते. लाठीचा वळ एकदा पाहिला की विसरत नाही : दोन समांतर लाल रेषा आणि मधे फिकी पट्टी. काठी बसते तिथलं रक्त दोन्ही बाजूंना दाबलं जातं आणि कडेच्या केशवाहिन्या फुटतात, म्हणून तो आगगाडीच्या रुळांसारखा दिसतो. पडल्यानं, खरचटल्यानं, धक्काबुक्कीनं असा वळ उठत नाही. न्यायवैद्यकशास्त्राच्या पेपरात मी त्याची आकृती काढलेली होती.

डावा हात त्यांनी उजव्या हातात धरून ठेवला होता. मनगटाच्या वर, करंगळीच्या बाजूला सूज. दाबल्यावर ते कळवळले. डोक्यावर येणारा घाव हातावर झेलला की नेमकं तिथलं हाड मोडतं. अस्थिरोगाच्या पुस्तकात त्याला ‘नाईटस्टिक फ्रॅक्चर’ म्हणतात आणि नाईटस्टिक म्हणजे पोलिसाचा दंडुका. नावातच हत्यार सांगितलेलं आहे. मला ते त्या क्षणी आठवलं होतं. आठवलं नाही असं म्हणायची सोय मी ठेवत नाही.

“बाबा, कसं झालं?” मी विचारलं.

हवालदार म्हणाला, “पळताना पडला, साहेब.”

म्हातारा माझ्याकडे बघत म्हणाला, “पडलो न्हाई, डाक्टर. मारलंय मला.”

एक्स-रेचा तंत्रज्ञ दुपारीच गेलेला आणि वीज नसल्यानं मशीनही बंद. मी हाताला प्लास्टरचा स्लॅब बांधला, इंजेक्शन दिलं, “सकाळी एक्स-रेला या” म्हणालो आणि रजिस्टर ओढलं. लिहिलं : पाठीवर खरचटणे, डाव्या हातावर सूज, कारण, पळताना पडल्याचे सांगतात, हत्यार, कठीण व बोथट, इजेचे स्वरूप, साधी.

‘सांगतात’ हा शब्द पुन्हा वाचा. कोण सांगतात? ज्याचं अंग होतं तो वेगळंच सांगत होता. जखमीचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहायचं, हा आमच्या कामाचा पहिला नियम. आणि ‘साधी’. हाड मोडल्याची शंका असेल तर डॉक्टरनं ‘एक्स-रे होईपर्यंत मत राखून’ असं लिहायचं असतं. चार शब्द जास्त. ते मी लिहिले नाहीत, कारण अजून पाच-सहा जण उभे होते आणि मी सकाळी आठपासून बसलो होतो.

त्या एका शब्दानं काय होतं, ते मला तेव्हा नीट माहीतही नव्हतं. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत साधी दुखापत म्हणजे कलम 323, अदखलपात्र. पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून कागद हातात देतात आणि तपास होत नाही. हाड मोडलं की ती गंभीर दुखापत, कलम 325, दखलपात्र. म्हणजे गुन्हा नोंदवायचा की नाही, याची किल्ली त्या संध्याकाळी माझ्या पेनात होती. शिवाय 1996 च्या डी. के. बसू निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं होतं की, अटक झालेल्यानं मागणी केली तर त्याच्या अंगावरच्या लहानमोठ्या सगळ्या इजा नोंदवल्या पाहिजेत. निकाल सहा वर्षांहून जुना झाला होता. मी तो वाचला नव्हता.

म्हातारा सकाळी आला नाही, तो कोठडीत होता. सुटल्यावर तिसऱ्या दिवशी मुलानं त्याला शहरातल्या खासगी दवाखान्यात नेलं. एक्स-रेत हाड मोडलेलं दिसलं. पोलीस ठाण्यानं माझ्या दाखल्याकडे बोट दाखवून तक्रार एनसीवरच ठेवली. मग तालुक्यातल्या एका वकिलानं कोर्टात खासगी फिर्याद लावली, तीही घाईघाईत. तेव्हाच्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या कलम 161 प्रमाणे ड्युटीच्या नावाखाली झालेल्या कृत्याबद्दल पोलिसांवर सहा महिन्यांच्या आत खटला भरावा लागे, नाहीतर सरकारची परवानगी आणावी लागे. ज्याच्या हातात प्लास्टर आहे त्याला सहा महिने फार थोडे असतात.

माझी साक्ष 2007 मध्ये झाली. तोवर माहितीचा अधिकार आला होता आणि वकिलानं रुग्णालयातून तीन कागद मिळवले होते. पहिला माझ्या एमएलसी रजिस्टरचं ते पान. दुसरा त्याच संध्याकाळचं, त्या शिपायाच्या नोंदीचं पान. दोन्ही माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवून त्यांनी विचारलं, “दोन्ही अक्षरं तुमचीच ना, डॉक्टर?” एका पानावर सेंटिमीटर, कडा, दिशा, हत्यार. दुसऱ्यावर ‘खरचटणे’ आणि ‘सूज’. मी “हो” म्हणालो.

तिसरा कागद स्टोअरचा होता, प्लास्टर बँडेजच्या साठ्याचं रजिस्टर. त्या तारखेला सहा इंची दोन बँडेज खर्ची पडलेली आणि पुढे म्हाताऱ्याचं नाव. फार्मासिस्टनं आपलं काम चोख केलं होतं. वकील म्हणाले, “साध्या इजेला प्लास्टर घालता का?”

मी लिहितोय ते खरं तर याच क्षणाबद्दल. रजिस्टरमधली चूक थकव्यातली होती, अज्ञानातलीही होती. आता मात्र थकवा नव्हता, चार वर्षं मिळाली होती, समोर न्यायाधीश होते आणि मी शपथेवर होतो. “मला हाड मोडल्याचा संशय होता, तरी मी ‘साधी’ लिहिलं, ती माझी चूक” एवढं म्हणायचं होतं. माझ्या डोळ्यांपुढे खातेनिहाय चौकशी आली, अडकलेली वेतनवाढ आली. मी म्हणालो, “खबरदारी म्हणून घातलं होतं.”

पोलिसांच्या वकिलांनी उलटतपासणीत मला फार विचारलंच नाही. “म्हणजे तुमच्या तपासणीत फ्रॅक्चर आढळलं नव्हतं?” “नाही.” “तीन दिवसांत दुसरीकडे पडून होऊ शकतं?” “होऊ शकतं.” आरोप ठेवण्याइतका पुरावा नाही म्हणून संबंधितांना सोडून देण्यात आलं. आदेशात माझी साक्ष जवळजवळ शब्दशः आहे.

कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हातारा भेटला. त्यांचा हात मनगटाशी थोडा वाकडाच जुळला होता. म्हणाले, “डाक्टर, हात तुम्हीच बांधला हुता. तवा तर लई जपून बांधला.” पुढे काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 ला राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. गॅसचे टँकर पेटण्याचा धोका होता, म्हणून गोळ्या झाडल्या, असं पोलिसांचं म्हणणं होतं. न्या. गुंडेवार आयोगानं ते मान्य केलं नाही. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला शिक्षा व्हायला 2009 उजाडलं आणि नंतर उच्च न्यायालयातून त्याला जामीनही मिळाला. दहा प्रेतं, शवविच्छेदनं, आयोग, वृत्तपत्रं, मोर्चे, एवढं सगळं असूनही बारा वर्षं. माझ्या म्हाताऱ्याकडे यातलं काहीच नव्हतं. त्याच्याकडे फक्त माझ्या रजिस्टरची एक ओळ होती.

2016 मध्ये अनिता ठाकूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जम्मूतल्या आंदोलकांवर गरजेपेक्षा जास्त बळ वापरल्याबद्दल भरपाई द्यायला लावली. आंदोलक आधी हिंसक झाले असले, तरी जमाव आवरल्यावरही मारत राहण्याचा अधिकार पोलिसांना नाही, असा त्याचा मथितार्थ. तो निकाल वाचला त्या रात्री मी झोपलो नाही. लोक पांगल्यावर, पाठ फिरल्यावर मारलं की नाही, हे कशावरून कळतं? पाठीवरच्या वळांवरून. आणि वळ पाहिलेला, लिहू शकणारा माणूस त्या संध्याकाळी तालुक्यात एकच होता.

आता कायद्याची कलमं बदलली आहेत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 218 मध्ये खटल्याच्या परवानगीवर सरकारनं 120 दिवसांत निर्णय घ्यायचा आहे, नाहीतर परवानगी मिळाली असं धरायचं. चांगलं आहे. पण ती वेळ यायच्या आधी कोणीतरी रजिस्टरमध्ये खरं लिहिलेलं असावं लागतं.

निवृत्तीनंतर मी ती नोंद पुष्कळदा नव्यानं लिहून पाहिली आहे. जायला हवी होती ती अशी :

पुरुष, वय अंदाजे 62. स्वतः सांगतात, “पडलो नाही, पोलिसांनी काठीने मारले.” पाठीवर तीन वळ, समांतर दुहेरी रेषा, मधली त्वचा फिकी, रंग लाल, ताजे; लाठीने होणे शक्य. डाव्या हाताच्या करंगळीकडील हाडावर सूज व तीव्र वेदना. फ्रॅक्चरचा दाट संशय. डोके वाचवताना होणे शक्य. प्लास्टर स्लॅब दिला. मत, एक्स-रे होईपर्यंत राखून.

वळांची लांबी इथे लिहायची असते. ती मी मोजली नव्हती.