माहेरच्या नावांची वाकळ

थोरल्या चुलत्यांनी आमच्या घराण्याची वंशावळ छापून घेतली, तेव्हा मी ती वरपासून खालपर्यंत वाचली. मुलगे, नातू, पणतू, दत्तक आलेलेसुद्धा. बाई एकही नाही. पुढे आईची ट्रंक उपसताना आजीचं इरकली लुगडं हाती लागलं आणि मी ठरवलं, आपली वंशावळ आपण वाकळीवर शिवायची. लेकीकडून आईकडे, तिच्याकडून तिच्या आईकडे जाणारी.

जुन्या लुगड्याचं सूत धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, त्यातून सुई सुखानं जाते. आत विरलेल्या साड्यांचे थर, वर-खाली त्यातला धड भाग. सगळं जमिनीवर ताणून अंथरायचं, कडेनं धावदोरा घालायचा आणि चौकोनात आत आत सरकत मध्यावर यायचं. इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी. दोन्ही सारखं आटत नाही, म्हणून पदर वेगळा काढून आधी भिजवला, वाळवला आणि मग वर ठिगळ म्हणून बसवला. टाका तळापर्यंत पोचला की नाही, हे खाली धरलेल्या बोटाला कळतं, हे मला मामीनं शिकवलं.

प्रत्येक ठिगळावर साखळी टाक्यानं त्या त्या बाईचं माहेरचं नाव भरायचं होतं. खरं काम तिथेच होतं. लग्नात ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहायचे आणि जुनं मागे पडायचं. आजीचं नाव आईला ठाऊक होतं. पणजीला मात्र सगळे ‘जिजी’च म्हणायचे. मावशीआजीला विचारलं तर म्हणाली, “अगं, आईचं नाव कोण घेतंय?” मग जरा वेळानं तिनंच माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ खाली काढायला लावलं. चिंचेनं घासल्यावर काठावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उठली. ‘चि. सौ. कां.’, पुढे चार अक्षरी नाव आणि ‘हीस मामाकडून’. मावशीआजी त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली आणि मग बोलतच सुटली. जिजी कृष्णेत पोहायची. नवरा गेल्यावर भाऊ न्यायला आला, तर गेली नाही, शेत स्वतः कसलं. आमच्या घरात हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात, वडिलांच्या आधी आईचं नाव लिहिणं महाराष्ट्र सरकारनं शासकीय कागदपत्रांसाठी बंधनकारक केलं. फार चांगलं केलं. पण ते पुढच्यांसाठी. मागच्या बायकांना घरच्यांनीच शोधायला हवं.

वाकळ पुरी झाल्यावर ती काचेच्या फ्रेममध्ये लावायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मला ते पटलं नाही. पांघरायची वस्तू अंगावरच असावी. लेक ती रोज ओढून घेते आणि झोपेपर्यंत त्या नावांबद्दल विचारत राहते.

तुमच्या घरात जुनं लुगडं असेल, तर बोहारणीला देण्याआधी काठाचा वीतभर तुकडा काढून ठेवा. तांब्यापितळेची भांडी मोडीत घालण्याआधी त्यांवरची नावं वाचून घ्या. आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला तिच्या आईचं माहेरचं नाव आजच विचारा.