न भिजवणारा पाऊस

मुलांनो, भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात आसगाव नावाचं गाव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा चौरास भाग म्हणजे धानाचा मुलूख. इथे रोवणी सुरू झाली की बांध्यांमध्ये चिखलच चिखल! बायामाणसं ओणवी होऊन पऱ्हे लावत असतात आणि सगळ्यांचे डोळे लागलेले असतात पावसाकडे.

पण या शिवारावर आणखी एक पाऊस पडतो, बरं का! तो बारा महिने, रात्रंदिवस, ऐन वैशाखातसुद्धा पडतो. त्याने धान भिजत नाही. छत्रीने तो अडत नाही. कौलं भेदून तो थेट घरात येतो. तुमचा तळहात जरा पुढे करा पाहू. एका मिनिटात त्यातून साठ-सत्तर अदृश्य कण आरपार निघून जातात. काही कळलं का? नाही ना?

हा पाऊस येतो विश्वकिरणांमुळे. व्हिक्टर हेस नावाचे शास्त्रज्ञ ७ ऑगस्ट १९१२ रोजी फुग्यात बसून पाच किलोमीटरहून अधिक उंच गेले. बरोबर किरण मोजणारी उपकरणं होती. वर जावं तसे किरण कमी होतील की वाढतील? ते वाढले! म्हणजे ते जमिनीतून नव्हे, तर बाहेरून, अवकाशातून येत होते. या शोधाबद्दल हेस यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळालं. नाव ‘किरण’ असलं तरी हे असतात कण. दहातले नऊ तर साधे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा.

मग एका कणाचा पाऊस कसा होतो? समजा, एका आजोबांची शंभर एकर शेती आहे. मुलांत वाटणी झाली, मग नातवांत, मग पणतवंडांत. वारस वाढत गेले, वाटे लहान होत गेले. शेवटी तुकडा इतका लहान झाला, की पुढे वाटताच येईना. विश्वकिरणांचंही तसंच. जोरदार कण जमिनीपासून पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर हवेतल्या अणूवर आदळतो. त्यातून नवे कण निघतात, ते आणखी अणूंवर आदळतात. बघता बघता लाखो कणांची सर तयार होते. पण प्रत्येकाच्या वाट्याला आलेली ऊर्जा घटत जाते आणि बरेचसे कण वाटेतच हवेत जिरतात. या वाटणीचं गणित १९३७ साली मांडलं वॉल्टर हाइटलर आणि आपल्या मुंबईत जन्मलेले डॉ. होमी भाभा यांनी. पुढे १९४५ साली भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली.

आता सांगा, ही सर नीट बघायची तर कुठे जायचं? आसगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उंच. इथे पोचेपर्यंत बहुतेक कण जिरलेले. उरतात ते मुख्यतः म्युऑन नावाचे चिवट कण. तुमच्या तळहातातून गेले, तेही बहुतेक हेच! भरलेली सर गाठायची, तर डोंगर चढायला हवा.

चला तर! आसगावहून पवनी, भिवापूर, उमरेड करत नागपूर. तिथून सावनेर, सौंसर, छिंदवाडा. तामियापासून सातपुड्याची वळणं सुरू होतात आणि मटकुलीनंतर घाट चढला की आलं पचमढी. आपल्या विदर्भातल्या लोकांना ही वाट नवी नाही. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या पायऱ्या चढणारे आजी-आजोबा तुमच्याही घरात असतील.

याच पचमढीत, सुमारे १०७५ मीटर उंचीवर, टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दोन डझन दुर्बिणी मांडल्या होत्या. प्रत्येकीला सात-सात गोल आरसे. सर हवेतून धावते तेव्हा निळसर प्रकाश चमकतो. तो सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच टिकतो! म्हणून हवी अमावास्येची काळीकुट्ट, निरभ्र रात्र. पावसाची सर आधी गावाच्या या टोकाला आणि मग त्या टोकाला पोचली, तर ढग कुठून आला ते तुम्ही ओळखता ना? तसंच कुठल्या दुर्बिणीला प्रकाश आधी दिसला, यावरून सर आकाशाच्या कुठल्या भागातून आली ते कळतं. पुढे याच कामासाठी लडाखमध्ये हानले इथे, ४२७० मीटरवर, २००८ साली सात दुर्बिणी उभ्या राहिल्या.

पचमढीला येण्याआधी ही मंडळी निलगिरीत, उटीला काम करत होती. उटीत आज ‘ग्रेप्स’ नावाचा प्रयोग चालतो. नाव द्राक्षांचं, पण वेल कुठेच नाही! २२०० मीटर उंचीवर सुमारे चारशे कणशोधक मांडलेले आहेत. शेजारी जाड काँक्रीटखाली ३७१२ चौकोनी लोखंडी नळ्या आहेत, प्रत्येक सहा मीटर लांब. काँक्रीट बाकीचे कण अडवतं, म्युऑन मात्र पार होतात आणि मोजले जातात.

१ डिसेंबर २०१४ रोजी उटीवर वादळी ढग आला आणि म्युऑनची संख्या थोडी घटली. का? ढगातल्या विजेच्या दाबामुळे म्युऑनची ऊर्जा बदलते. घट किती झाली यावरून शास्त्रज्ञांनी ढगातला दाब काढला. तो निघाला १३० कोटी व्होल्ट! आपल्या घरातली वीज असते २३० व्होल्टची. ही गोष्ट २०१९ साली प्रसिद्ध झाली. दूरच्या ताऱ्यांचा शोध घेणाऱ्या कणांनी आपल्याच डोक्यावरचा ढग मोजून दिला होता.

आसगावच्या शेतकऱ्याला हा आकडा परका नाही. रोवणीच्या दिवसांत उघड्या बांधीत वीज पडून माणसं आणि बैल दगावतात, हे धानाच्या मुलखात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा गडगडाट ऐकू आला की शेतातल्या माणसांना हाक मारा. झाडाखाली थांबू नका, पाण्यातून बाहेर या, पक्क्या घरात जा.

विश्वकिरण नेमके कुठून येतात, याचं पूर्ण उत्तर शंभरावर वर्षं झाली तरी मिळालेलं नाही. ते विद्युतभारित असल्यामुळे अवकाशातल्या चुंबकक्षेत्रांत वळतात आणि मूळ पत्ता हरवतो. गॅमा किरण सरळ येतात, म्हणून दुर्बिणी त्यांचा माग काढतात. पुढच्या वेळी आजी-आजोबांबरोबर महादेवाच्या यात्रेला गेलात, तर रात्री पचमढीच्या अंधारात क्षणभर वर बघा. तिथे तुमच्यावर पडणारी सर आसगावपेक्षा थोडी अधिक दाट असेल. ती कुठून निघाली, हे शोधायचं काम अजून शिल्लक आहे!